दीड सेकंद

५ जून, बुधवार

बसवलं एकदाचं. संगीतशाळेच्या सगळ्या खोल्यांत. माझ्या खोलीत खिडकीला लागून, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. ताटलीएवढी काळी चकती आणि तिच्याखाली स्क्रीन. चकती ऐकते, स्क्रीन सांगते. सूर बरोबर असला तर हिरवी रेघ. उतरला तर लाल रेघ खाली, चढला तर वर. कितीने, तेही आकड्यात. तालाचं वेगळं. हात कसा धरलाय त्याचं वेगळं — कॅमेराही आहे. घरच्या सरावासाठी मुलांच्या फोनमध्ये हेच यंत्र, तिथे ते बोलतं. गोड बोलतं म्हणे. कधी चिडत नाही.

संचालिकेने आम्हा शिक्षकांना जमवून सगळं दाखवलं. नऊ वर्षांची असताना माझ्याकडेच व्हायोलिन शिकायला यायची ही. एकटी असली की मी तिला अगं-तुगं करते, चारचौघांत तोंडातून 'तुम्ही' येतं. म्हणाली, "हे तुमच्या मदतीला आहे, तुमच्या जागी नाही." कुणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतले पियानोचे मास्तर हळूच म्हणाले, "जावई आलेत. आता थंड हवा द्या, वायफाय द्या आणि चूक काढू नका." तेवीस वर्षं त्यांची आणि माझी एकच भिंत. यंत्राचं नाव आता जावईबापूच पडलं.

संध्याकाळी लिफ्टवाल्यांचा तास. पन्नाशीचे गृहस्थ, लिफ्ट दुरुस्त करतात. बायको गेल्यावर व्हायोलिन शिकायला आले. बोटं जाड, पण सराव चुकवत नाहीत. सगळ्यात वरच्या तारेवर तिसरं बोट ठेवून लांब सूर ओढला. मी म्हटलं, "छान. बरोबर." स्क्रीनवर लाल रेघ. खाली.

ते थांबले. एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कोण बरोबर, बाई?"

"नवीन आहे ते. रुळायला वेळ लागेल त्याला."

ते गेल्यावर दार लावून घेतलं. त्यांचं बोट कुठे पडलं होतं ते डोळ्यांसमोर होतं. तिथेच ठेवून वाजवलं. मला बरोबरच वाटलं. मग कपाटातून सूर मोजायचं जुनं डबडं काढलं. उतरलेला. चांगलाच उतरलेला.



६ जून, गुरुवार

नादकाटा गुडघ्यावर आपटून आधी डाव्या कानाशी धरला, मग उजव्या. दोन वेगळे सूर. दहा वेळा केलं. दहाही वेळा दोन. काटा एकच!

१० जून, सोमवार

शेवटी ताईनेच नेलं. ती निवृत्त नर्स, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दोघींनी लग्न केलं नाही, एकत्र राहतो, त्यामुळे काही लपत नाही. "तीन महिने झाले, दाराच्या बेलला मीच उठतेय," म्हणाली. "मला काय हौस आहे होय?" मला बेल वाजल्याचंच माहीत नव्हतं.

कानाचे डॉक्टर तरुण आणि फार सभ्य. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड पट्टा, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. थोडे आवाज आले. मग काहीच येईना. मी पुढच्या आवाजाची वाट बघत होते आणि चाचणी संपल्याचं त्यांनी खुणेने सांगितलं. म्हणजे त्या सगळ्या वेळात आवाज चालूच होते.

कानातली नस झिजलीय. वरचे आवाज बरेच गेलेत. जे ऐकू येतं, तेही दोन कानांना थोडं वेगवेगळं.

"इलाज?"

"कानात यंत्र लावू. बोलणं नीट ऐकू येईल." मग विचारलं, "आपण काय करता?"

"व्हायोलिन शिकवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "संगीताचं मात्र सांगता येत नाही."

परतताना ताई म्हणाली, "शाळेत सांगून टाक."

"सांगितलं की संपलं. तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. झाकली मूठ..."

"सव्वा लाखाची. पण मुठीत काहीतरी असावं लागतं, बाई."

चिडली की ती मला 'बाई' म्हणते. यंत्र सध्या नको म्हणून सांगितलं. कानात काही दिसलं तर लोक विचारतील.

१२ जून, बुधवार

आज पहिल्यांदा केलं. दोन वेण्यांची मुलगी, यंदा परीक्षेला बसणारी, वरच्या तारेवर गेली आणि माझ्या दोन कानांचं भांडण लागलं. डोळे आपोआप खिडकीकडे वळले. लाल, वर.

"चढलंय. बोट जरासं मागे."

तिने घेतलं. हिरवी.

"हं. आता."

इतकं सोपं. तिला वाटलं, बाईंनी ऐकलं.

मग दिवसभर तेच. चष्मा पुसायचा, खिडकीबाहेर पाहिल्यासारखं करायचं, तेवढ्यात बघून घ्यायचं. लिफ्टवाल्यांनाही तसंच शिकवलं. "आज एकदम पकडलंत, बाई," म्हणाले. खूश होते.

१८ जून, मंगळवार

दोन वेण्यांच्या मुलीची आई भेटली. "हल्ली तुमचं फार बारीक लक्ष असतं, बाई. घरी फोन सांगतो तेच तुम्ही सांगता."

ती हे कौतुकानेच म्हणाली. मला जेवण गेलं नाही. जावईबापू उद्या चुकले तर ते मला कळणारच नाही. त्यांच्याबरोबर मीही चुकेन, आणि मुलं म्हणतील, दोघांनी सांगितलं म्हणजे खरंच असेल.

२१ जून, शुक्रवार

मास्तरांच्या खोलीत खडाजंगी. त्यांची एक विद्यार्थिनी, कॉलेजातली. गेल्या महिन्यात तिचे वडील गेले. एक साधी चाल वाजवते, पण शेवटच्या ओळीआधी दर वेळी थांबते. दम घेतल्यासारखी. जावईबापू दर वेळी लाल. उशीर, उशीर, उशीर. मास्तरांनी अंगातला कोट काढून स्क्रीनवर टांगला आणि तिला म्हणाले, "थांब तू हवी तेवढी. पुढची ओळ कुठे पळून जात नाही."

तासाभरात संचालिका आली. दारात आम्ही दोघं-तिघं जमलो होतो. ती मास्तरांना म्हणाली, "सर, तिची परीक्षा आहे. परीक्षक थांबणार नाहीत." मास्तर म्हणाले, "मग परीक्षेच्या आठवड्यात पळवेन तिला. आज नाही."

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही सांगा. यंत्र चुकतंय का?"

मला वाटलं, मी मास्तरांची बाजू घेतली तर ती माझ्याही खोलीत येऊन बसेल. माझे तास ऐकेल. मी म्हटलं, "तालाचं म्हणाल तर... उशीर होतोच."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. कोट काढून हातावर घेतला.

२२ जून, शनिवार

उशीर होतोच. काय गरज होती?

२६ जून, बुधवार

संध्याकाळी ऐन तासात वीज गेली. स्क्रीन काळी. खिडकीतून उजेड भरपूर होता, लिफ्टवाले वाजवतच राहिले. ओळ संपवून म्हणाले, "कसं झालं?"

मला काहीच सांगता येईना. डावा कान एक म्हणत होता, उजवा दुसरं. "पुन्हा वाजवा." त्यांनी वाजवलं. "पुन्हा." चार वेळा झालं.

"काय चुकतंय ते सांगा ना, बाई."

"आज नुसत्या मोकळ्या तारा वाजवू. हात सैल व्हायला हवा."

अर्धा तास मोकळ्या तारा. पहिल्या आठवड्यातल्या मुलांना देतात तसं. त्यांनी कुरकुर केली नाही. पेटी बंद करताना मात्र म्हणाले, "वीज गेली की लिफ्टमध्ये माणसं अडकतात. मी आधी बाहेरून बोलतो. काय झालंय, किती वेळ लागेल, खरं ते सांगतो. नुसतं 'आलो, आलो' म्हणत राहिलं ना, की आतली माणसं जास्त घाबरतात."

माझ्याकडे न बघता बोलले. यांना कळलं? सहज म्हणाले? ते गेल्यावर दहा मिनिटांनी वीज आली. मी एक तार वाजवली. हिरवी रेघ दिसली आणि मला हायसं वाटलं. त्या रेघेचीच भीती वाटायची, आता ती नसली की वाटते.

१ जुलै, सोमवार

बैठक. मोठ्या खोलीत अर्धवर्तुळात खुर्च्या. संचालिका उभी राहून बोलली. पुढल्या महिन्यापासून तास निम्मे. बाकी सराव यंत्राबरोबर घरी. शिक्षक कमी लागतील. कोण राहणार ते तिने ठरवलं नाही, आकड्यांनी ठरवलं. शिक्षकाने सांगितलेली चूक आणि यंत्राने दाखवलेली चूक किती वेळा जुळली, त्याचे आकडे.

मास्तर एकाहत्तर टक्के.

मी नव्व्याण्णव.

"बाईंचा कान बघा," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांनंतरसुद्धा. याला म्हणतात तयारी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या किती मला नीट ऐकू आल्या कोण जाणे. मास्तरही वाजवत होते. मनापासून. मी उभी राहिले, हसले, खाली बसले. काय करायचं असतं अशा वेळी?

२ जुलै, मंगळवार

मास्तर खोली आवरत होते. वह्या, मळकी उशी, खडूची डबी. मी मदतीला गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते.

ते म्हणाले, "मला वाईट वाटत नाही गं. त्रेसष्ट झाले, कधीतरी जायचंच होतं. तुझा कान शाबूत आहे, तू आहेस इथे, हे बरं झालं. जावईबापूंसमोर एक तरी माणूस हवा ज्याला खरं ऐकू येतं."

मी वह्या खोक्यात रचत राहिले.

३ जुलै, बुधवार

सांगितलं नाही.

५ जुलै, शुक्रवार

काल रात्री ताईला सगळं सांगितलं. टाळ्यांपर्यंत सगळं. ती भांडी घासत होती, वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "वॉर्डात एकदा चुकीच्या पेशंटला सुई टोचली मी. दोन तास गप्प बसले. ते दोन तास अजून जात नाहीत. तुझे किती झाले?"

सकाळी तशीच उठून संचालिकेकडे गेले. दार लावलं. एका दमात सांगितलं — नस, दोन सूर, चष्मा पुसणं. नव्व्याण्णव माझे नाहीत, मास्तरांना परत बोलाव.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, बसा. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कॅमेरा फक्त मुलांचे हात बघत नव्हता. माझे डोळेही बघत होता. प्रत्येक चूक सांगण्याआधी मी स्क्रीनकडे पाहते. सरासरी दीड सेकंद. तारखेनिशी होतं सगळं. बारा जूनपासून.

"मग मला का ठेवलंस?"

"तुम्ही भांडत नाही त्याच्याशी." अगदी मायेने बोलली. "पालकांना खोलीत माणूस लागतो, बाई. पोराच्या पाठीवरून हात फिरवणारा. तुमचा हात फार चांगला आहे. मला आठवतो. कानाचं काम ते करेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"आणि मास्तर?"

"सर खोलीत असले की मुलांना दोन उत्तरं मिळतात."

जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता. पकडली जाईन म्हणून महिनाभर जीव मुठीत धरून होते. पकडली गेले होते पहिल्याच दिवशी. आणि त्यांना मी अशीच हवी होते.

७ जुलै, रविवार

मास्तरांकडे गेले. त्यांनीच दार उघडलं. बसायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. ते हातातलं वर्तमानपत्र घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते.

शेवटी म्हणाले, "कान गेला त्यात तुझा काय दोष? पण त्या पोरीच्या वेळी तू 'उशीर होतो' म्हणालीस. तिथे कानाचा काय संबंध होता?"

"घाबरले होते."

"आणि मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, मास्तर, मी काय करू सांगा. ते म्हणाले, "आज काही सांगू शकत नाही. जा तू."

तेवीस वर्षांत त्यांनी मला कधी 'जा' म्हटलं नव्हतं. 'निघालीस?' म्हणायचे.

१० जुलै, बुधवार

लिफ्टवाले आले. ते पेटी उघडेपर्यंत मी स्क्रीन फिरवून भिंतीकडे केली. चकती वर ऐकतच होती, ऐको.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "मला वरची तार खरी ऐकू येत नाही. दोन्ही कान वेगळं सांगतात. महिनाभर तिथे बघून तुम्हाला सांगत होते. डॉक्टर म्हणतात, सुधारणार नाही."

ते गज हातात धरून उभे. मग म्हणाले, "वीज गेली त्या दिवशी वाटलंच मला."

"दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी राग मानणार नाही."

"आज आलोय तर वाजवू."

वाजवलं. तिसरं बोट, वरची तार. सवयीने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. तिथे स्क्रीनची पाठ. मी विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?"

"मला काय कळतंय?"

"लिफ्ट बिघडली ते कसं कळतं?"

"तिथे ऐकू येतं ना. घासल्यासारखं."

"मग इथेही ऐका. शेजारची तार हलकेच सोबत वाजवा. दोन्ही एकमेकींना घासतायत का बघा."

त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. बोट केसभर पुढे सरकलं. थांबलं. थोडं मागे आलं. कपाळावर आठ्या, जीभ दातांत. बराच वेळ गेला. मग चेहरा सैल झाला. "हे. आता घासत नाहीये."

बरोबर होतं? मला माहीत नाही. एकोणतीस वर्षं शिकवतेय, पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांचा खांदा मात्र वर चढला होता, ते दिसत होतं. तो हाताने खाली केला. मनगट आखडलं होतं, ते सैल करून घेतलं. पुढचा सूर. तोही त्यांनीच शोधला. पाऊण तासात जेमतेम चार सूर झाले.

जाताना म्हणाले, "आज डोकं फार दुखलं." आणि हसले.

स्क्रीन सरळ करून बघायचा मोह झाला. हात पुढे गेलाही होता. मागे घेतला.

१२ जुलै, शुक्रवार

संचालिकेने बोलावलं. स्क्रीन फिरवता येणार नाही. मी म्हटलं, मग माझ्या कानाचं पालकांना लेखी कळव आणि त्यांना ठरवू दे. ती म्हणाली, "बाई, असं कुणी कळवतं का?" मी तिथल्याच कागदावर राजीनामा लिहिला. ती रडली थोडी. खोटं नव्हतं ते रडणं. पण कागद घेतला.

खोलीची किल्ली दिली. लिफ्टवाले बुधवारपासून घरी येतील. दोन वेण्यांच्या मुलीच्या आईला खरं सांगितलं. ती "बघते" म्हणाली, म्हणजे नाही.

ताई म्हणते, कानात यंत्र बसवून घे. सोमवारी जाणार. एकाच विद्यार्थ्यावर काय होणार, आणि त्याचे चार सूर जरी चुकीचे निघाले तरी मला कळणार कसं — सकाळपासून हेच.

१४ जुलै, रविवार

मास्तर आले. आत येईनात. बाहेर पायरीवरच बसले, मला शेजारी बसवलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझा उजवा कान नऊ वर्षांपासून ठार बंद आहे. खुर्ची कायम पियानोच्या उजव्या अंगाला ठेवायचो ती त्यासाठीच, म्हणजे विद्यार्थी डाव्या कानाशी येतो. कुणालाच सांगितलं नाही. तुला तर मुळीच नाही. म्हटलं, तिला कळलं तर काय म्हणेल."

मला हसू आलं आणि रडूही. नऊ वर्षं एका भिंतीच्या अल्याडपल्याड आम्ही एकमेकांच्या कानांना घाबरत होतो. यंत्र तर जूनमध्ये आलं.